घड्याळातले बारा, माथ्यावरचे बारा आणि सर्व्हरमधले बारा

रामबागकर_इंदूर (धागाकर्ता)

आपल्या इंदूरमध्ये घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. त्याला मध्यान्ही पोहोचायला सरासरी साडेसव्वीस मिनिटे आणखी लागतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, इंदूर ७५.८६ अंशांवर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, एवढ्या तीन गोष्टींवरून हा फरक कोणालाही काढता येतो. त्यातही हा आकडा वर्षभर स्थिर राहत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला इंदूरची खरी मध्यान्ह १२ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास होते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ वाजून १० मिनिटांनाच होऊन जाते.

हे शाळेच्या भूगोलाचे प्रकरण आहे, त्यावर धागा कशाला, असे काहींना वाटेल. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. माझ्यासारख्या संगणकवेड्या माणसांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत लोकांच्या मनावर असे ठसवले आहे की वेळ म्हणजे एकच निर्विवाद आकडा, आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसतो तोच खरा. प्रत्यक्षात कोणताही वेळेचा आकडा हा कोणीतरी, कोणत्यातरी जागेसाठी, कोणत्यातरी सोयीसाठी ठरवलेला असतो. 'किती वाजले' यासोबत 'कोणाचे वाजले' हे विचारले नाही, तर पंचांग, बँकेचा व्यवहार आणि संगणकाचा प्रोग्राम या तिन्हींत घोटाळे होतात, आणि ते सगळे एकाच जातीचे असतात.

आपल्या शहराला तर या प्रश्नाचा वारसाच आहे. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणिताचे मुख्य याम्योत्तर, म्हणजे रेखांश मोजण्याची उत्तर-दक्षिण आधाररेषा, उज्जैनीवरून जाते आणि इंदूर त्याच्या जेमतेम दशांश अंशभर पूर्वेला आहे, म्हणजे उज्जैनच्या आणि आपल्या सौर वेळेत अर्ध्या मिनिटाचासुद्धा फरक नाही. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेल्या आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतलेल्या उज्जैनच्या वेधशाळेतील सम्राट यंत्रावर, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळावर, जी वेळ दिसते, ती व्यवहारतः आपलीच स्थानिक वेळ आहे. शहरातला गांधी हॉल १९०४ साली एडवर्ड हॉल म्हणून उभा राहिला, आणि भारतीय प्रमाणवेळ त्यानंतर, १९०६ साली सुरू झाली. मुंबईने तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आज जी गोष्ट निसर्गनियमासारखी वाटते, ती आपल्या आजोबांच्या काळात वादाचा विषय होती.

मतभेद असल्यास अवश्य मांडावेत.

सुदामानगर

विषय चांगला काढलात. मला विज्ञानातले फारसे कळत नाही, पण तुम्ही म्हणता तो घोटाळा आमच्या घरात दर संकष्टीला होतो. सासूबाई महाराष्ट्रातून येणाऱ्या कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ पाहतात, शेजारच्या काकू उज्जैनच्या पंचांगातली पाहतात आणि माझा मुलगा मोबाइलवर तिसरीच वेळ दाखवतो. नैवेद्य तयार असतो, आरती झालेली असते आणि उपवास केव्हा सोडायचा यावर चर्चा चालू राहते. या तिघांपैकी बरोबर कोण, ते सांगावे.

रामबागकर_इंदूर

ताई, बहुधा तिघेही बरोबर असतात, फक्त तिघांची जागा वेगळी असते. आधी सूर्याचे पाहू, कारण ते सोपे आहे. सासूबाईंच्या कॅलेंडरमधली वेळ मुंबईची आहे असे धरू. मुंबई आपल्या पश्चिमेला सुमारे तीन अंश आहे, त्यामुळे सूर्य आपल्याकडे बारा मिनिटे आधी उगवायला हवा. परंतु इंदूर मुंबईच्या उत्तरेलाही आहे, म्हणून उन्हाळ्यात आपला दिवस त्यांच्यापेक्षा मोठा असतो आणि हिवाळ्यात लहान. या दोन गोष्टींचा एकत्रित परिणाम असा होतो की जूनमध्ये आपल्याकडे सूर्योदय मुंबईच्या सुमारे १९ मिनिटे आधी होतो, आणि डिसेंबरमध्ये फक्त पाचेक मिनिटे आधी. 'मुंबईच्या वेळेतून बारा मिनिटे वजा करा' हा जो सरसकट नियम आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकायला मिळतो, तो म्हणूनच वर्षातून दोनदाच, संपाताच्या म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या आसपास, तंतोतंत लागू पडतो.

चंद्राचे गणित याहून अवघड आहे, कारण चंद्र सूर्यापेक्षाही अधिक उत्तर-दक्षिण सरकतो. मुंबईच्या तुलनेत इंदूरचा चंद्रोदय कधी तीन-चार मिनिटे आधी होतो, तर कधी वीस मिनिटे आधी. यातून एक गंमत निघते. मुंबईची वेळ पाळणाऱ्या इंदूरकराचा चंद्र आधीच वर आलेला असतो, त्यामुळे सासूबाईंच्या हातून नियमभंग होण्याचा प्रश्न येत नाही, उपवास मात्र उगाच लांबतो. मोबाइलमधल्या वेळेविषयी एवढेच तपासावे की त्या ॲपला आपले ठिकाण कळले आहे की नाही. परवानगी दिली नसेल, तर ते स्वतःच एखादे शहर गृहीत धरते, आणि ते कोणते हे अनेकदा सेटिंगच्या आत दडलेले असते.

ज्यांना खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी आणखी एक बाब. वातावरणातून प्रकाश वाकतो, म्हणून क्षितिजावर दिसणारे बिंब खरे तर क्षितिजाखाली असते. सूर्योदय बिंबाच्या वरच्या कडेचा मानायचा की मध्याचा, आणि हा वाकलेपणा धरायचा की नाही, यावरून दोन पंचांगांत तीन-चार मिनिटांचा फरक सहज पडतो. दोघांचेही गणित निर्दोष असू शकते.

लष्करवासी

ग्वाल्हेरहून नमस्कार. अध्यापनात आयुष्य गेले असल्यामुळे एक पुरवणी जोडतो. स्वतंत्र भारतात या पंचांगांच्या गोंधळावर सरकारी पातळीवर उपाय शोधण्यात आला होता. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. या समितीने सर्व देशाच्या गणितासाठी जो मध्यवर्ती बिंदू निवडला, त्याचा रेखांश प्रमाणवेळेचा, म्हणजे ८२ अंश ३० कला (साठ कलांचा एक अंश) आहे, आणि अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचा आहे. तो बिंदू छत्तीसगडच्या उत्तर भागात कुठेतरी पडतो. तिथे वेधशाळा नाही की देऊळ नाही. नवी प्रमाणवेळ आणि जुनी उज्जैनी यांच्यात झालेली ती कागदावरची तडजोड आहे.

धागाकर्त्यांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु मी तो पुढे नेऊ इच्छितो. वेळ जर कोणाच्या तरी सोयीची असेल, तर ती लोकांच्या सोयीची का नसावी? जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, त्यात धुके असते, आणि लहान मुले सकाळच्या शाळेसाठी अंधारात घराबाहेर पडतात. त्याच वेळी अरुणाचलमध्ये ऊन चांगले वर आलेले असते आणि दुपारी चारनंतर तिथे दिवे लागतात. २०१८ साली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी एक तास पुढची वेगळी वेळ ठेवण्याचा प्रस्ताव शोधनिबंधाद्वारे मांडला होता. त्याचा गंभीरपणे विचार व्हायला हवा, असे माझे मत आहे.

रामबागकर_इंदूर

सर, साहा समितीच्या त्या बिंदूचा उल्लेख केल्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्या संपूर्ण म्हणण्याला याहून चांगले उदाहरण मला सापडले नसते.

दोन वेळांच्या प्रस्तावाशी मात्र मी सहमत नाही. देशाच्या आत वेळेची सीमा आखली, तर रेल्वे ती सीमा दिवसातून कितीतरी वेळा ओलांडणार, आणि एकेरी मार्गावर दोन घड्याळांचा गैरसमज किती महागात पडेल हे सांगायला नको. आसामच्या चहामळ्यांनी फार पूर्वीपासून यावर साधा मार्ग काढलेला आहे. तिथे 'चायबागान टाइम' म्हणून एक तास पुढची वेळ कामापुरती पाळतात आणि मळ्याच्या फाटकाबाहेर प्रमाणवेळ चालते. घड्याळ सर्वांचे एक असावे आणि कामाचे तास स्थानिक असावेत. ग्वाल्हेरच्या शाळेने जानेवारीत नऊला भरावे, त्यासाठी अक्षांश-रेखांशांना हात लावण्याची गरज नाही.

लष्करवासी

शाळा नऊला भरवण्याचा आदेश थंडी वाढली की निघतोच, पण तो आठवड्याभराचा असतो आणि बहुधा आदल्या संध्याकाळी कळतो. तुमचा उपाय कागदावर सुबक आहे. कार्यालये, बस आणि पालकांच्या नोकऱ्या प्रमाणवेळेला बांधलेल्या असताना एकटी शाळा हलत नाही, हा माझा अनुभव आहे.

शिफ्टवाला

मी इंदूरच्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत रात्रपाळीला सर्व्हर सांभाळतो. आमच्या धंद्यात एक सुवर्णनियम शिकवला जातो, तो म्हणजे डेटाबेसमध्ये सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्या रेखांशावर आधारलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, साठवाव्यात आणि दाखवताना साडेपाच तास मिळवावेत. या नियमानेही घोटाळा कसा होतो, ते सांगतो.

सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतील एका दुकानदाराला आम्ही बिलाची प्रणाली करून दिली होती. सुरुवातीला तिचा रोजचा हिशेब यूटीसीच्या तारखेप्रमाणे बंद होत असे, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला तारीख बदलत असे. आमच्या वरिष्ठांच्या हे लक्षात आले, त्यांनी ती 'चूक' सुधारली आणि तारीख मध्यरात्री बदलू लागली. दुसऱ्या दिवशी दुकानदार चिडून आला. त्याचे दुकान रात्री आठला लागते आणि दोनला उठते. नव्या पद्धतीत त्याच्या एकाच रात्रीच्या गल्ल्याचे दोन तुकडे पडले होते आणि कारागिरांचा हिशेब जुळेना. ज्या पद्धतीला आम्ही चूक म्हणत होतो, ती त्याच्या कामाला चपखल बसत होती.

रामबागकर_इंदूर

वा! या दुकानदाराचा दिवस पहाटे संपतो आणि आपल्या पंचांगाचा वारही सूर्योदयालाच बदलतो. जूनमध्ये इंदूरचा सूर्योदय पावणेसहाच्या जरा आधी असतो, त्यामुळे यूटीसीची तारीख आणि पंचांगाचा वार जवळजवळ एकत्रच बदलतात. ग्रिनिचच्या मध्यरात्रीने सराफ्याची सोय करावी, हा योगायोग असला तरी मला फार आवडला.

तुमच्या सुवर्णनियमाला माझा तांत्रिक आक्षेप आहे, तो इथे सविस्तर नोंदवतो, कारण नव्या मुलांना हा नियम मंत्रासारखा पाठ करून घेतला जातो. घडून गेलेला क्षण, उदाहरणार्थ पैसे केव्हा जमा झाले, हा यूटीसीमध्ये ठेवणे योग्यच आहे. परंतु 'व्यवहाराचा दिवस' ही वेगळी गोष्ट आहे. तो धंद्याने ठरवायचा असतो आणि त्यासाठी स्वतंत्र रकाना हवा. जन्मतारीख हा तर क्षणच नव्हे. ती भारतीय मध्यरात्र समजून यूटीसीत बदलली की आदल्या दिवसाचे सायंकाळचे साडेसहा होतात, आणि मग कुठल्यातरी अर्जावर माणूस एक दिवस आधी जन्मलेला दिसतो. हा दोष मी इतक्या प्रणालींत पाहिला आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही. भविष्यातल्या भेटीची वेळ यूटीसीत साठवणेही धोक्याचे आहे, कारण मधल्या काळात एखाद्या देशाच्या सरकारने आपली वेळ बदलली तर साठवलेला आकडा खोटा पडतो. तिथे स्थानिक वेळ आणि ठिकाणाचे नाव असे दोन्ही ठेवावे.

सरकारे वेळ बदलत नाहीत, असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, ब्रिटिश हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या वर्षांत जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना जाणकार ज्योतिषी अजूनही तो तास वजा करतात. संगणकांमध्ये जगभरच्या वेळांची जी सामाईक यादी असते, तिच्यात 'एशिया/कोलकाता' या नावाखाली हा तास नोंदलेला आहे. पत्रिकेवर माझा विश्वास नाही. परंतु जन्मवेळ विचारल्यावर 'तेव्हा घड्याळ कोणते होते' असे विचारणारा ज्योतिषी आमच्या अनेक प्रोग्रामरांपेक्षा काटेकोर आहे, हे मान्य करावे लागते.

रावपुरा

बडोद्याहून लिहीत आहे. आमच्याकडे रावपुऱ्यात १८९६ सालचा चिमणाबाई टॉवर आहे, त्यामुळे घड्याळांच्या चर्चेत भाग घेण्याचा आम्हालाही हक्क आहे. आपण सर्वजण वेळ कोणाची यावर बोलत आहात, मी यंत्र कसे चालते यावर बोलतो.

भिंतीवरच्या साध्या बॅटरीच्या घड्याळात क्वार्ट्झचा एक लहानसा चिमट्यासारखा स्फटिक असतो, जो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे, म्हणून त्याला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद मिळतो. हा स्फटिक सुमारे २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने चालतो. तापमान त्यावर गेले तरी तो मंदावतो आणि खाली गेले तरी मंदावतो. तापमान २५ अंशांपासून जितके दूर, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मंदपणा वाढतो. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर राहिली, तर एवढ्याने दिवसाला सेकंदाचे आठ-नऊ दशांश मागे पडतात, म्हणजे महिन्याला साधारण पंचवीस सेकंद. मनगटी घड्याळ शरीराच्या उबेमुळे तिशीच्या आसपास टिकते, म्हणून ते अधिक नेमके चालते. उन्हाळ्यात भिंतीवरचे घड्याळ मागे पडले की लोक लगेच सेल बदलतात; सेलचा त्यात बहुधा काही दोष नसतो.

शिफ्टवाला

संगणकाच्या मदरबोर्डवरही याच जातीचा स्फटिक असतो आणि त्याला एक गोल नाण्यासारखा सेल वीज पुरवतो. तो सेल संपला की संगणक सुरू होताना त्याची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते, आणि मग बँकेची साइट उघडत नाही, कारण तिचे सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नसते. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड देणारी ॲपही वेळेवरच चालतात. फोनचे घड्याळ दोन-तीन मिनिटे चुकले की कोड नाकारला जातो.

धागाकर्त्यांना एक विचारायचे होते. २०३५ पर्यंत लीप सेकंद (घड्याळात अधूनमधून घुसवला जाणारा जादा सेकंद) बंद करायचे, असे २०२२ साली आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेत ठरले. तुम्ही सूर्याच्या वेळेचे एवढे कौतुक करता, तर या निर्णयाला तुमचा विरोध असेल, असे मी गृहीत धरतो.

रामबागकर_इंदूर

अजिबात नाही, माझा पूर्ण पाठिंबा आहे.

१९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवरून केली जाते. पृथ्वीचे फिरणे इतके नियमित नाही, म्हणून दोघांची गाठ घालण्यासाठी १९७२ पासून अधूनमधून एक सेकंद घुसवला जातो, आणि असे २७ सेकंद आजवर घुसवले गेले. शेवटचा १ जानेवारी २०१७ रोजी आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या ऐन उंबरठ्यावर आला. २०१२ च्या लीप सेकंदाने लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातील एक दोष उघडा पाडला आणि जगभरातले असंख्य सर्व्हर अडकले, हे शिफ्टवाल्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. आता हिशेब पाहा. प्रमाणवेळेपायी इंदूरकराने सूर्यापासून साडेसव्वीस मिनिटांचे अंतर शंभराहून अधिक वर्षे निमूटपणे सोसले आहे, आणि बाळगोपाळांपासून आजीपर्यंत कोणाचेही बिघडलेले नाही. त्यात एका सेकंदाची भर पडू नये म्हणून सर्व्हर पाडणे हा शुद्ध हट्ट आहे. सूर्याची वेळ ज्याला हवी, त्याने ती गणित करून घ्यावी. ते गणित आज हातातला साधा फोनही क्षणात करतो.

लष्करवासी

येथे मी आपल्याशी सहमत आहे, आणि मघाच्या मुद्द्यावर अजूनही नाही.

सुदामानगर

मुलगा हे सर्व वाचून विचारतो आहे की इंदूरची खरी मध्यान्ह घरच्या घरी पाहता येईल का. गच्ची मोकळी आहे.

रामबागकर_इंदूर

अवश्य पाहता येईल. गच्चीत सपाट जागी एक काठी ओळंब्याने सरळ उभी करावी, पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करून शेजारी वेळ लिहावी, आणि एक वाजेपर्यंत हे चालू ठेवावे. जी खूण काठीच्या सर्वांत जवळ येईल ती मध्यान्हीची, आणि त्या वेळी सावली नेमकी उत्तर-दक्षिण असते. त्या क्षणाच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते, म्हणून काठीभोवती एक वर्तुळ काढून सावली त्याला सकाळी आणि दुपारी केव्हा शिवते ते पाहून दोन्ही वेळांचा मध्य घेतला, तर उत्तर अधिक नेमके येते. मुलाला म्हणावे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि पुन्हा फेब्रुवारीच्या मध्याला कर, म्हणजे वर सांगितलेला अर्ध्या तासाचा हेलकावा त्याला स्वतःला दिसेल.

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य अगदी माथ्यावरून जातो व सरळ काठीची सावली नाहीशी होते. जुलैचा दिवस ढगांमुळे बहुधा वाया जातो, म्हणून जूनचाच धरावा. वेळ साडेबाराच्या जरा अलीकडची आहे. गच्ची त्या वेळी भाजते, तेव्हा पायात काहीतरी घालून जावे.